तेहेतीस अनारसे आणि बिनस्प्रिंगची सायकल

कोपर, डोंबिवली पश्चिम
सोमवार, अधिकाची वद्य अष्टमी

ती. शेवंताक्का हिला धाकट्या कुंडलिकचा वाकून नमस्कार. (वाकून हे आपलं लिहिण्यापुरतं. खरोखर वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतील. का, ते पुढे येईलच.)

आंबिवलीला तुम्ही सगळे बरे असाल. तुझ्या कानाचं मशीन आलं का? दाजींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे कलावतीची मनगटं सोडून, माझी कंबर सोडून आणि सोसायटीची लिफ्ट सोडून बाकी सगळं ठीक. फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुझ्या मनात येईल. अगं, फोनवर तू 'काय? काय?' करतेस, मग मी ओरडतो, आणि मी ओरडलो की आमच्या मजल्यावरची चारही घरं टीव्हीचा आवाज बारीक करतात. शिवाय या पत्रातलं अक्षरही कलावतीच्या कानावर जाऊन चालणार नाही. शेजारचा प्रीतम रोज आंबिवलीला कामाला जातो, उद्या सकाळी त्याच्या हाती देईन.

तर मुद्द्याचं. दाजींनी मागच्या महिन्यात विचारलं होतं की डॉक्टरने त्यांना सायकल चालवायला सांगितली आहे, त्यांच्या मनात रोड बाइक भरली आहे, तर ती सस्पेन्शनवाली घ्यावी की बिनसस्पेन्शनची. प्रश्न एका ओळीचा आहे. पण दाजींनी विचारायच्या आधीपासून, गेले आठ महिने, मी त्याच्याच उत्तरापायी झिजलोय, आणि आता इतका थकलोय आक्का, की सायकल हा शब्द ऐकला तरी माकडहाड कळवळतं. पण दाजींनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही, एक सल्ला मागितला, तो तरी नीट द्यावा.

ही पीडा घरात आणली आमच्या जावयाने. नयन तसा सोन्यासारखा मुलगा. बाळकुमच्या जुन्या शेतकरी घरातला. (त्यांच्या खाचरांवर आता टॉवर उभे आहेत आणि ते स्वतः चौदाव्या मजल्यावर राहतात. विहीणबाई सखुबाई अजून लिफ्टमध्ये शिरताना डोळे मिटतात.) पंपांच्या कारखान्यातून मी ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालो, शुगर वाढली, तेव्हा त्याने कौतुकाने मला ही रोड बाइक भेट दिली. हॅन्डल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर माझ्या अंगठ्याएवढे, सीट म्हणावं तर अडकित्त्याएवढी. करियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. आणि स्प्रिंग तर औषधालाही नाही. पहिल्या दिवशी मोठागावपर्यंत जाऊन आलो आणि रस्त्यातला खडा न् खडा माझ्या दाढांना ओळखीचा झाला. कलावतीने ती बघितल्यापासून तिचं नावच टाकलं. 'ती काठी' म्हणते. 'काठीवर बसून आलात का' एवढीच आमची सायकलविषयी चर्चा.

मी नयनला विचारलं, बाबा रे, एवढ्या महागाच्या सायकलीला कंपनीने दोन स्प्रिंगा का नाही दिल्या? त्यावर त्याने मला अर्धा तास ऐकवलं. रोड बाइकला सस्पेन्शन नसतंच म्हणे. वजन वाढतं, आणि पायाने दिलेली ताकद चाकात जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते. धक्का जिरवायचं काम टायरमधल्या हवेने आणि माणसाच्या अंगाने करायचं. हात ढिले सोडायचे, कोपरं वाकवायची, खड्डा आला की सीटवरून जरासं उठायचं. म्हणजे सस्पेन्शन आपणच. (कोपरला राहून हे मला आधी सुचायला हवं होतं.) मी म्हटलं, अरे, माझ्या या सस्पेन्शनची एकसष्ट वर्षांची वॉरंटी संपली आहे. तो हसला आणि 'बाबा, तुम्ही फार जोक मारता' म्हणाला. मी जोक मारत नव्हतो.

मग मी प्रयोग सुरू केले. ड्राफ्ट्समनचा जीव, गप्प बसवत नाही. आधी टायरमधली हवा शंभर पौंडांवरून साठावर आणली. काय सांगू, लोणी! दोन दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलो की उत्तर सापडलं. तिसऱ्या दिवशी एका खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं, ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडली आणि मी सायकल खांद्यावर टाकून घरी आलो. मग रुंद टायर घालायला गेलो तर ते फ्रेममध्ये बसेनात. मग ऑनलाइन स्प्रिंगचा सीटपोस्ट मागवला, म्हणजे सीटखालचा दांडाच स्प्रिंगवर. तो बसवून निघालो तर मी प्रत्येक पॅडलला वर-खाली, वर-खाली, वरातीतल्या घोड्यावरचा नवरदेवच! रेतीबंदरला फिरायला येणारी माणसं थांबून बघायला लागली. शेवटी आमच्या स्टेशनबाहेरच्या मारुती मिस्त्रीकडे गेलो. चाळीस वर्षं सायकलींत काढलेला माणूस, बोलतो कमी. त्याने दांडा हातात घेऊन दाबला, सोडला, आणि म्हणाला, "साहेब, ही स्प्रिंग धक्का गिळते, पण मग ढेकरा देत बसते. ढेकर थांबवायला आत तेलाचं डँपर लागतं. ते हिच्यात नाही." आठ महिन्यांत मला सस्पेन्शन आणि डँपिंग यांतला फरक कोणी इतका स्वच्छ सांगितला नव्हता. मी म्हटलं, मग डँपर बसव. तो म्हणाला, डँपर बसवायचं तर आधी दुसरी सायकल घ्या.

इथपर्यंत नुसती कंबर दुखत होती. खरं संकट अधिक महिन्याने आणलं.

तुला माहीतच आहे, कल्पिताच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, तेही अख्खे, जाळीदार, एकही तुटका चालत नाही. सखुबाईंच्या घरी ही रीत नाही, त्यामुळे त्यांना फार उत्सुकता. त्यांनी शेजारपाजारच्या बायकांनाही सांगून ठेवलंय की येत्या रविवारी आमच्या सुनेची आई वाण घेऊन येणार. मी कलावतीला म्हटलं, तुझी मनगटं सुजलेली, डॉक्टरने पिळणं-मळणं बंद सांगितलंय, बाजारातून आणू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलून पावसावर आणला. म्हणाली, पुढचा अधिक तीन वर्षांनी, तेव्हा माझे हात असतील-नसतील, हा धोंडा मी माझ्या हाताने करणार. मग तीन दिवस तांदूळ भिजवणं, रोज पाणी बदलणं, सुकवणं, दळणं, गूळ घालून मुरवणं, सगळं एकटीने. तुपाच्या बरणीचं झाकण तेवढं मला उघडायला दिलं. दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो आणि आत परात सरकल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आवाज. ते मधलं 'काही नाही' मला ऐकवत नव्हतं गं. पण आत जायची बंदी होती. दर वेळी हसलेला एखादा अनारसा (तुपात पडल्यावर फिसकटतो तो) माझ्या वाट्याला येतो, यंदा तोही नाही. म्हणाली, एकही हसला नाही. मला किती बरं वाटलं.

डबा भरला तिनेच, वर फडकं बांधलं तिनेच. आणि मग म्हणाली, हा डबा आज तुम्ही सायकलने बाळकुमला पोचवून या.

मी उडालोच. ज्या काठीचं ती नाव घेत नाही, तिच्यावरून वाण? मी म्हटलं, रविवारी आपण रिक्षाने जाणारच आहोत, मांडीवर धरून नेऊ. तर म्हणाली, एकादशीला वाण जावयाच्या घरी देवापुढे असावं लागतं, अशी चाल आहे. आपल्या आईकडे अशी चाल मी कधी पाहिली नाही. तुला तरी आठवते का? पण बायकांच्या चालीरीतींत पुरुषाने तोंड घालू नये हे मला चौतीस वर्षांत कळलंय. म्हटलं, मग आत्ता रिक्षाने जाऊन येतो. तर म्हणाली, नाही, सायकलनेच जा, एवढी आठ महिने प्रॅक्टिस केलीत ती कशासाठी? मला तर भरूनच आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या सायकलवर भरवसा दाखवला.

आता डबा ठेवायचा कुठे? नयनला विचारलं तर तो म्हणाला, पाठीवरच्या सॅकमध्ये, माणसाचं अंग हे सगळ्यात उत्तम डँपर. बरोबर होतं त्याचं. पण कलावती म्हणाली, देवाच्या वाणाला पाठीचा घाम लागेल, ते चालणार नाही. हॅन्डलला अडकवावा तर डबा चाकात जातो. शेवटी मारुती मिस्त्रीकडून सीटच्या दांड्याला पकडणारं छोटं करियर बसवून घेतलं आणि त्यावर मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं डिझाइन केलं. खाली जुनी उशी, उशीवर अर्धी हवा भरलेल्या ट्यूबचं वेटोळं, वेटोळ्यात डबा, वरून चार रबरी दोऱ्या. शेषशायी विष्णूच जणू! टायरमध्ये हवा ऐंशी. आकृती सोबत जोडली आहे, दाजींना दाखव.

गुरुवारी सकाळी निघालो. मोठागावहून माणकोलीच्या पुलावर चढलो, खाली खाडी, रस्ता गुळगुळीत, डबा एवढासाही हलत नव्हता. त्या पाच मिनिटांत मला वाटलं, रोड बाइक बनवणारी माणसं बरोबर आहेत, स्प्रिंगबिंग काही नको, असा रस्ता असला की झालं. मग पूल संपला. पुढे काल्हेर, कशेळी, गोदामांचा रस्ता, ट्रेलर, मेट्रोचे पत्रे, पत्र्यांच्या कडेने उरलेली दीड हात जागा, त्या जागेत पेव्हर ब्लॉक, आणि प्रत्येक दोन ब्लॉकनंतर एक गायब. मी ढिल्या हातांनी, वाकलेल्या कोपरांनी, सीटवरून अर्धवट उठलेला, देवाचं नाव घेत चाललो होतो. स्पीडब्रेकर मोजले, एक्केचाळीस. प्रत्येकाला मी उतरलो, आक्का! उतरून, सायकल हाताने उचलून पलीकडे ठेवली. बाळंतिणीला कोणी इतकं जपत नाही. माझी कंबर गेली ती या एक्केचाळीस उचलण्यांत गेली.

बाळकुमला चौदाव्या मजल्यावर पोचलो. एकादशीपर्यंत फडकं सोडू नका, असं कलावतीने बजावलं होतं, पण फडक्यातून चुरा गळत होता. कल्पिताने सोडलं. तेहेतीस अनारसे निघाले होते, आता मोजायला गेलं तर तेहेतीस कोटी भरले असते. अख्खा म्हणावा असा एकही नाही. नयनने हळूच विचारलं, "बाबा, टायरमध्ये हवा किती होती?" मला त्या क्षणी त्याला चौदाव्या मजल्यावरून हवाच दाखवावीशी वाटली. सखुबाईंनी मात्र चिमूटभर चुरा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "राहू द्या ओ व्याही, चुरा पन गोरच लागतं." (गोर म्हणजे गोड. बाई मनाने फार मोठी.) कल्पिताने झाकण लावलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, आईला कळता कामा नये. तिच्या हातांनी केलंय."

घरी आलो. कलावती दारातच उभी. "पोचले ना नीट?" मी म्हटलं, एकाला तडा नाही. तिने माझी वाकलेली कंबर बघितली आणि "बरं" म्हणाली. जेवताना भातावर रोजच्यापेक्षा जास्त तूप वाढलं आणि दुपारी न सांगता गरम पाण्याची पिशवी कंबरेला आणून दिली. बिचारीला काय माहीत! गेले चार दिवस ती इतकी गोड वागतेय की मला खाल्लेलं अंगी लागत नाही. तिच्या सुजलेल्या हातांनी केलेली वस्तू मी वाटेत सांडून आलो, हे सारखं मनात येतं. दोन दिवस तिने तांदळाची खीर केली होती, पहिल्यांदाच केली तशी, जरा कणीदार, दाट. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाली, जास्त गोड झाली का?

तर दाजींना सांग, रोड बाइकला सस्पेन्शन घेऊ नका. नुसती स्प्रिंग ढेकरा देते, डँपरवाली घेतली तर वजन उचलवत नाही. टायर रुंद घ्या, हवा बेताची ठेवा, हात ढिले ठेवा, आणि एवढं करूनही जपून न्यायची वस्तू असेल तर रिक्षा करा. किंवा सायकल घेऊच नका. आंबिवली ते टिटवाळा सकाळचं चालत जा, गणपतीचं दर्शन होईल. मी माझी विकायला काढणार होतो, पण नयनला वाईट वाटेल, म्हणून गॅलरीत ठेवलीय. तिच्यावर टॉवेल वाळतात.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कंबरेमुळे इथेच थांबतो.

तुझा,
कुंडलिक

ता. क. आक्का, आता खरं काम. रविवारी कलावती सगळ्या बायकांसमोर तो डबा स्वतः उघडणार आहे. मला शनिवारी संध्याकाळपर्यंत तेहेतीस अनारसे हवेत, अख्खे. तुझ्याशिवाय कोणाला सांगू? पत्र मिळताच तांदूळ भिजत घाल. आणि हात जोडतो, साखरेचे करू नकोस, गुळाचे कर. कलावती गुळाचे करते.

आणखी ता. क. जाळी जरा कमी पडू दे. राग मानू नकोस, पण कल्पिताच्या बारशाला तू म्हणाली होतीस ना, 'चव छान आहे गं कलावती, फक्त जाळी नाही पडली', ते वाक्य आमच्या घरात एकोणतीस वर्षं राहतंय. तुझी जाळी ती शंभर अनारशांतून ओळखेल.

शेवटचं ता. क. अनारसे न्यायला नयन कार घेऊन येईल. कारला सस्पेन्शन आहे, मी खाली वाकून बघून घेतलं. (तेव्हाच अडकलो होतो.)

(आकृतीच्या कागदामागे, वेगळ्या अक्षरात)

वन्सं, नमस्कार. कलावती लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन धरवत नाही. पत्र ह्यांनी सायकलच्या बनियनमध्ये दडवलं होतं, तिथे सापडलं. त्याला पाठीमागे तीन खिसे असतात. धुण्याआधी मी खिसे बघते, हे ह्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

एकादशीची तशी काही चाल नाही, तुम्ही ओळखलंच असेल. सायकलचाही दोष नाही. पीठ माझ्याच्याने मळून होईना. पहिले दोन घाणे सगळे हसले, तीच ती खीर. पुढचे झाऱ्यावर कसेबसे उचलले, डब्यात ठेवतानाच सुटत होते. मांडीवर नेले असते तरी चुराच झाला असता, आणि मग सगळ्या बायकांनी माझे हात बघितले असते. सायकलने नेले तर सायकलचं नाव होईल, म्हणून ह्यांना पाठवलं. हे एक्केचाळीस वेळा उतरले, ते आत्ता वाचलं. मला फार लागलं हो. घरी येऊन एकाला तडा नाही म्हणाले तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी नुसतं बरं म्हटलं.

तुम्ही तांदूळ भिजत घालू नका. माझं पीठ अर्धा डबा उरलंय, चांगलं मुरलंय. शुक्रवारी इकडे या. तुम्ही मळा, तुम्हीच थापा, तळायला मी बसते, झारा अजून धरवतो. ह्यांना त्या दिवशी रिक्षाने बाळकुमला पाठवते, डबा आणायला. ह्यांना माझं मी सांगेन, तुम्ही काही बोलू नका. हा कागद ते पुन्हा उलटून बघणार नाहीत, सायकलचं चित्र वरच्या बाजूला आहे.

आणि जाळी कमी-बिमी काही ठेवू नका. तुमची पडते तशी पडू द्या. मला तुमच्याजवळ बसून बघायचीय.